हुरूप कुठे जातो, आणि तो नसताना कसं चालायचं

डिसेंबरातल्या कुठल्याही सकाळी नागपुरात अंबाझरी तलावावर जाऊन बघा. कानटोप्या, स्वेटर, नवेकोरे बूट, हात जोरजोरात हलवत चालणाऱ्या जोड्या. फुटाळा तलावावर तेच, सेमिनरी हिल्सच्या चढावर तेच. एप्रिल अर्धा सरला की त्याच रस्त्यांवरची गर्दी विरळ होते आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागेपर्यंत उरतात ती वर्षानुवर्षं येणारी मोजकी तोंडं.

दिसेनाशी झालेली माणसं आळशी नसतात. मी हे खात्रीने सांगते, कारण कितीतरी वर्षं मीही त्यांच्यातलीच होते. हिवाळ्यात सुरू, उन्हाळ्यात बंद, आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की मनाला एकच टोचणी : आपल्याला चिकाटीच नाही. ही टोचणी किती जणींना आतून पोखरत असते, हे आता शेजारपाजारच्या बायकांशी बोलताना कळतं. म्हणून हा लेख. व्यायामाचा हुरूप का येतो, का जातो, त्या काळात शरीर आणि मेंदू काय करत असतात, आणि नागपूरसारख्या गावात राहून त्यावर काय करता येतं, हे मला जेवढं नीट समजलं तेवढं सोपं करून सांगते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हुरूप ओसरणं हा बिघाड नव्हे, तो ओसरणारच असतो. त्यामुळे सगळी आखणी हुरूप नसलेल्या दिवसासाठी करायची. हुरूप असतो त्या दिवशी आखणी लागतच नाही.

मेंदूचा हिशेब

डोपामाइनची ओळख आपल्याकडे ‘आनंदाचं रसायन’ अशी झाली आहे. ती अर्धवट आहे. १९९०च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामाइन सोडणाऱ्या पेशींवर लक्ष ठेवलं. माकडाला अवचित गोड रस मिळाला की या पेशी उसळत. मग रसाच्या आधी एक खूण द्यायला सुरुवात झाली, समजा दिवा लागला. दिव्यामागून रस येतो हे माकडाला उमगलं, तसं पेशींचं उसळणं दिव्याकडे सरकलं. रस आला तरी त्या शांतच राहू लागल्या. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर त्या क्षणी पेशींचं एरवीचं संथ कामही मंदावे. थोडक्यात, या पेशी सुख मोजत नाहीत. अपेक्षा केवढी होती आणि हातात काय आलं, यातला फरक त्या मोजतात.

माकडाचा रस आणि माणसाचं फिरणं यांत पुष्कळ अंतर आहे, तरी चित्र ओळखीचं वाटतं. सीताबर्डीवरून नवे बूट आणले, गजर लावला, मैत्रिणींना सांगितलं, तो सगळा दिव्याचा आनंद. पहिल्या आठवड्यात काटा एक-दीड किलोने खाली जातो आणि आपण हरखतो. यातला बराच भाग पाणी असतो. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं थोडं कमी झालं आणि चालणं वाढलं की हा साठा उतरतो, त्याच्याबरोबर पाणीही जातं. आपण मात्र मनात गणित मांडून मोकळे होतो, आठवड्याला दीड तर महिन्याला सहा. दुसऱ्या आठवड्यात काटा जागचा हलत नाही. तिसऱ्यात एखाद्या लग्नातलं जेवण होतं, मीठ जास्त पडतं, शरीर पाणी धरतं आणि काटा उलट किलोभर वर जातो. मेहनत तेवढीच, पण दिवा लागला आणि रस आला नाही. पहिला हुरूप इथे जातो.

आकडे बघितले तर वजनकाट्याकडून एवढी अपेक्षा ठेवण्यातच चूक होती हे कळतं. ७० किलोच्या माणसाने अर्धा तास झपाझप चालल्यावर साधारण १५० कॅलरी खर्च होतात. तर्री पोह्यांच्या एका प्लेटीत त्या सहज भरून येतात, वरून शेव पडली की अधिकच. तर्री पोहे सोडा असं मला मुळीच म्हणायचं नाही, नागपुरात ते कोणी कोणाला म्हणू नये. पण रोजच्या फिरण्याचं प्रगतिपुस्तक म्हणून काट्याकडे बघणं सोडा, हे मात्र आग्रहाने सांगते.

काट्याला आणखी एक गोष्ट दिसत नाही. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला होता. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसाच्या अंगातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, आणि मधुमेहाच्या दृष्टीने हे महत्त्वाचं आहे. चालून, उठाबशा काढून स्नायू थोडे वाढले, चरबी थोडी उतरली, तर काटा जागच्या जागी राहील आणि शरीर तरीही बदललेलं असेल.

मग मोजायचं काय? जे लवकर बदलतं ते. ताकदीचे व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे : असलेल्या स्नायूंतले जास्त धागे एकदम कामाला लावायला ती शिकते. स्नायू दिसण्याइतके भरायला त्याहून वेळ लागतो. म्हणून आरशात काही नसलं तरी तांदळाची चुंगडी सरकवताना फरक जाणवतो. दुसरं मोजमाप श्वासाचं. सेमिनरी हिल्सचा तोच चढ पहिल्या दिवशी दोनदा थांबून चढलात आणि महिन्याभराने बोलत बोलत चढलात, तर ते यश वहीत लिहून ठेवण्यासारखं आहे. मी लिहिते. तारीख आणि एक ओळ, ‘आज वळणापाशी थांबले नाही.’ मागची पानं चाळताना जो धीर येतो तो कुठल्या घड्याळाने मला दिलेला नाही.

घड्याळावरून आठवलं. रोज १०,००० पावलं हा आकडा कुठल्या वैद्यकीय शोधातून आलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ साली, जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचं मापक’ असा होता. आकडा तिथून जगभर पसरला. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या स्त्रियांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० चालणाऱ्यांचा मृत्युदर स्पष्टपणे कमी दिसला, आणि साधारण ७,५००च्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. ज्या आजी सहा हजारांवर थांबतात आणि ‘आज पण नाई झाले पूर्ण’ म्हणून खट्टू होतात, त्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

पहिली दहा मिनिटं

हुरूप मारणारी दुसरी गोष्ट म्हणजे वेग. सुरुवातीच्या जोशात आपण शेजारून पळणाऱ्या पोरांशी मनातल्या मनात शर्यत लावतो. शरीराला एक उंबरठा असतो. तो ओलांडला की श्वास एकदम चढतो, पाय जड होतात, आणि त्याच क्षणापासून बहुतेकांना व्यायाम नकोसा वाटायला लागतो. उंबरठ्याच्या अलीकडे राहिलं तर तेच चालणं सुखाचं होतं. तो ओळखायला यंत्र लागत नाही : चालताना गप्पा मारता याव्यात, गाणं म्हणता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो हाच. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम. दोन्हींत कुठेही धाप लागलीच पाहिजे असं म्हटलेलं नाही.

शिवाय निघण्याआधीचं आपलं मन व्यायामाबद्दल चुकीची साक्ष देतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना व्यायामाआधी विचारलं, किती मजा येईल? नंतर विचारलं, किती आली? आधीचा अंदाज सातत्याने कमी निघाला. कारणही सापडलं. लोक अंदाज बांधताना सुरुवातीच्या कंटाळवाण्या भागालाच धरून बसतात. पांघरुणातून निघणं, गार पाणी, आखडलेले गुडघे, तेवढंच डोळ्यांपुढे येतं. म्हणून ‘आज जावंसं वाटत नाही’ या वाटण्यावर गादीतच निर्णय घेऊ नये. दहा मिनिटं चालल्यावर जे वाटतं ते खरं. तेव्हाही नको वाटलं तर परत फिरावं, त्यात काही कमीपणा नाही. माझ्या वहीत अशा परत फिरलेल्या सकाळी आहेत, पण थोड्या.

उन्हाचं कारण खरं आहे

आता नागपूरचा खास मामला. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणं नवीन नाही. अशा दिवसांत नेहमीच्या वाटेवर नेहमीच्या वेगाने चाललो तरी दमछाक होते आणि आपण म्हणतो, आळस भरला अंगात. आळस नसतो तो. एरवी हृदयाला चालणाऱ्या स्नायूंना रक्त पुरवायचं असतं. उन्हाळ्यात त्याच वेळी अंग थंड ठेवण्यासाठी कातडीकडेही भरपूर रक्त पाठवावं लागतं. घामातून पाणी जातं, रक्तातला द्रवभाग घटतो, आणि उरलेल्यावर दोन्ही कामं भागवायला नाडी जोरात पळते. म्हणजे वेग तोच असला तरी कष्ट खरोखरच जास्त पडत असतात.

शरीर याची सवय करून घेतं. रोज थोडा थोडा वेळ उष्ण हवेत हालचाल केली तर साधारण १० ते १४ दिवसांत रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, घामातलं मीठ कमी होतं, आणि त्याच चालीला नाडी पूर्वीपेक्षा सावकाश पडते. अट एकच, थोडं थोडं. मार्चअखेरीपासून सकाळचं फिरणं न सोडता फक्त लहान आणि हळू केलं तर मे महिना अंगावर येत नाही. पंधरा दिवस कूलरपुढे बसून एकदम नवतप्यात बाहेर पडलेल्या माणसाचं शरीर मात्र कोरं असतं. आणि ऊन लागण्याशी खेळ नको. डोकं भणाणलं, मळमळलं, चक्कर आली की सावलीत बसायचं, पाणी प्यायचं, अंग ओलं करायचं. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात समजून तडक दवाखाना गाठायचा.

उन्हाळ्याचा व्यायाम वेगळा असू द्या, हे मला फार उशिरा सुचलं. मे महिन्यात माझं फिरणं वीस मिनिटांचं, सूर्य वर यायच्या आत संपणारं. बाकीचं घरात : खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीवर जोर, जमतील तेवढे सूर्यनमस्कार, तेही कूलर सुरू करून. ज्यांच्या जवळ तरणतलाव आहे त्यांची तर चैनच. डिसेंबरच्या आठ हजार पावलांची बरोबरी मे महिन्याकडून करायची नाही. शेतकरी उन्हाळ्यात कपाशी उगवली नाही म्हणून रडत नाही, त्या दिवसांत तो नांगरट करतो.

घड्याळाऐवजी खूण

‘उद्यापासून रोज व्यायाम करणार’ हे वाक्य मेंदूला काहीच सांगत नाही. कधी, कुठे, कशानंतर? २००२ साली ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. पुढच्या आठवड्यात एकदा तरी वीस मिनिटं जोमाचा व्यायाम करायचा होता. एका गटाला खास काही सांगितलं नाही, त्यातल्या ३८ टक्क्यांनी केला. दुसऱ्याला हृदयरोगाची माहिती देऊन व्यायामाचं महत्त्व पटवलं, त्यातले ३५ टक्के. तिसऱ्याला ती माहिती दिली आणि कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे करणार हे स्वतःच्या हाताने लिहायला लावलं. त्यातल्या ९१ टक्क्यांनी केला. मला यातला मधला आकडा जास्त विचार करायला लावतो. आपण एकमेकांना सारखं महत्त्वच पटवत असतो, आणि महत्त्व तर सगळ्यांना आधीच पटलेलं असतं.

सवय लागायला किती दिवस? २१ दिवसांचं सांगतात, त्याला आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांना प्रत्येकी एक नवी सवय निवडायला सांगितली आणि १२ आठवडे नोंदी ठेवल्या. कृती आपोआप घडू लागायला मध्यम माणसाला ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली, उठाबशांसारखी उशिरा. डिसेंबरच्या मध्यावर सुरू केलेलं फिरणं ६६ दिवस धरले तर फेब्रुवारीच्या उत्तरार्धापर्यंत जातं, आणि ऊन तर त्याच सुमारास तापायला लागतं. सवय अजून ओली असतानाच उन्हाळा येतो. आपली गळती एप्रिलमध्येच का होते, याचं अर्धं उत्तर मला या हिशेबात सापडलं.

त्या प्रयोगात प्रत्येकाने सवय एखाद्या रोजच्या खुणेला बांधली होती, जसं की ‘न्याहारीनंतर’. इथे पुन्हा नागपूरचं भान हवं. आपल्याकडे मे अखेरीस साडेपाचला सूर्य उगवतो, जानेवारीत पावणेसात उलटून जातात. साडेपाचचा गजर उन्हाळ्यात उजेडात वाजतो आणि हिवाळ्यात मिट्ट काळोखात. घड्याळाला बांधलेली सवय म्हणूनच ऋतू बदलला की तुटते. घटनेला बांधलेली टिकते. दूधवाला येऊन गेला की निघायचं. मुलाची स्कूलबस गेली की घरी न परतता तिथूनच पुढे चालायला लागायचं. संध्याकाळी ऑफिसातून येताना मेट्रोच्या स्टेशनात सरकत्या जिन्याकडे न वळता पायऱ्या घ्यायच्या. खूण जितकी घट्ट, तितकं ठरवण्याचं ओझं कमी.

एक दिवस चुकला तर? लॅलींच्या नोंदींत एखाद्या दिवसाच्या खाड्याने सवय घडण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. घात होतो तो खाड्यानंतरच्या विचाराने. १९७५ साली खाण्यावरचा एक प्रयोग झाला होता. डाएट करणाऱ्यांपैकी काहींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग सगळ्यांनाच आइस्क्रीमची चव बघायला सांगितलं. ज्यांनी मिल्कशेक प्यायला होता त्यांनी तो न प्यायलेल्यांपेक्षा जास्त आइस्क्रीम खाल्लं. नियम मोडलाच आहे तर आज होऊनच जाऊ दे, असा तो हिशेब. दोन दिवस पाहुणे आले, फिरणं बुडालं, मग हा आठवडा गेलाच, मग महिनाच गेला. ओळखीचं आहे ना?

यावर मला एकच गोष्ट उपयोगी पडली. सुट्टी घेण्याआधी परतीचा दिवस लिहून ठेवायचा. लग्नाला अमरावतीला चार दिवस जायचं आहे, तर दिनदर्शिकेवर पाचव्या दिवशी गोल. ताप आला, तर उतरल्यावर तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं अंगणात. परतताना शरीर फार विसरलेलं नसतं. दोन-तीन आठवड्यांच्या खंडात ताकद बरीचशी शाबूत राहते, दम मात्र लवकर उतरतो. म्हणून परतल्यावर पहिले काही दिवस अर्धंच अंतर चालायचं.

कोणासाठी, कोणाबरोबर

एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना सोडवलेल्या कोड्यामागे पैसे दिले. पैसे मिळालेले विद्यार्थी मोकळ्या वेळात कोड्यांना कमी हात लावू लागले. आधी जे मजेचं होतं ते कामाचं झालं. पुढे रिचर्ड रायन यांच्या साथीने डेसींनी मांडलं की माणूस एखादी गोष्ट मनापासून करत राहतो ती तीन गरजा भागल्या तर : आपलं आपण ठरवता येणं, जमतंय असं जाणवणं, आणि आपली माणसं सोबत असणं.

आपल्या घरांत पहिलीच गरज मोडते. ‘वजन कमी कर, लग्न ठरवायचं आहे’ या बोलण्याने मुलगी जिमला जाते, लग्न होतं, जिम संपतं. तिचं शरीर कधी तिच्या हाती दिलंच नव्हतं. त्या मुलीला नाचायला आवडत असेल तर तिने नाचावं. ज्याला पोहायला आवडतं त्याला फुटाळ्यावर फेऱ्या मारायला लावू नये. आवडीचा व्यायाम थोडा कमी ‘फायद्याचा’ असला तरी तो दहा वर्षं होतो.

आणि वेळ. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या आकड्यांनुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७. हा फरक हुरुपाचा असूच शकत नाही. पहाटे साडेपाच ते साडेआठ हा फिरण्याचा उत्तम वेळ असतो आणि डबे, पाणी, शाळा, चहा यांचाही तोच. नळ सकाळी सहाला येत असेल तर बाई फुटाळ्यावर कशी असेल? घरातल्या कोणी पाणी भरलं आणि पोळ्या लाटल्या तर तिचा हुरूप आपोआप वाढलेला दिसेल. तोवर तिच्यासाठी एक दिलासा आहे. सलग दहा मिनिटं तरी व्हायलाच हवीत, ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शनात काढून टाकली. पाच मिनिटं जिना, सात मिनिटं गच्ची, गोकुळपेठच्या बाजारात पायी जाऊन पिशवी उचलून येणं, सगळं जमेला धरलं जातं.

सोबतीबद्दल मला पुस्तकी काही सांगायचं नाही. आमच्या बाजूच्या काकू सत्तरीच्या आहेत. मी दोन दिवस दिसले नाही तर तिसऱ्या दिवशी फाटकातून हाक येते, ‘काहून बाई, नाई आली तू? बरं नाई का?’ त्या हाकेत रागावणं नसतं. कोणीतरी आपली वाट बघतं, एवढंच असतं. मी मे महिन्यात बाहेर पडते ती बहुतेक त्या हाकेमुळे.

मनाच्या पलीकडचं

काही वेळा उत्साह नसण्याचं कारण मनात नसतंच. रक्तात लोह कमी असेल, थायरॉइड मंद असेल, झोपेत घोरताना श्वास अडकत असेल, तर माणूस सकाळी उठतोच थकलेला. आपल्याकडच्या बायकांत रक्तक्षय फार आहे आणि तो वर्षानुवर्षं ‘मला दम नाही’ या नावाखाली लपतो. साधी रक्ततपासणी करून घ्यावी. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे. हा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच व्यायाम ठरवावा, कारण अतिश्रम, शरीरातलं पाणी कमी होणं, फार ऊन किंवा फार थंडी यांनी त्यांच्या वेदना उफाळू शकतात. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर थांबायचं आणि दाखवायचं. आणि फिरणंच काय, आवडीचं काहीही दोनेक आठवडे नकोसं वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्या माणसाला ‘जरा उठ, चाल’ एवढं सांगून सोडू नका. डॉक्टरांकडे नेताना त्याच्या शेजारी बसा.

सुरुवात कधी करावी, हे मला बरेच जण विचारतात. वर्षाचा पहिला दिवस, सण, वाढदिवस अशा वेळी माणूस नव्याने सुरू करायला जास्त तयार असतो, याच्या नोंदी संशोधकांनीही घेतल्या आहेत. पण १ जानेवारीला सुरू केलं तर सवय पिकेपर्यंत मार्च उजाडतो, आणि गुढीपाडवा तर उन्हाच्या दारातच येतो. नागपूरसाठी मला योग्य वाटतो तो पोळ्यानंतरचा काळ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात, सव्वाशे वर्षांहून जुनी प्रथा. रोगराई, इडापिडा ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत लोक तिला गावाबाहेर नेतात. तेव्हा पावसाचा जोर कमी व्हायच्या बेतात असतो. तिथून ६६ दिवस मोजा, नोव्हेंबर लागतो. पुढे तीन-चार महिने हवा आपल्या बाजूने. मार्च येईल तेव्हा सवय सहा महिन्यांची झालेली असेल आणि ऊन हळूहळू अंगवळणी पाडायला वेळही हाताशी असेल.

यंदा आमच्या गल्लीतल्या चौघींनी तेच ठरवलंय. मारबतीच्या दुसऱ्या सकाळी, दूध आलं की, काकूंच्या फाटकापाशी. पहिला आठवडा फक्त ट्रॅफिक पार्कपर्यंत.